टर्बो गाडीचं ट्यूनिंग : जादा ताकद येते कुठून?

सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय अमेरिकेत पहिल्यांदा विकायला आली ती २००४चं मॉडेल म्हणून. रॅलीच्या दुनियेत या गाडीचा दबदबा आधीच होता. कॉलिन मॅक्रे १९९५ साली, रिचर्ड बर्न्स २००१ साली आणि पेटर सोलबर्ग २००३ साली सुबारू चालवूनच जगज्जेते झाले. अमेरिकन एसटीआयमध्ये अडीच लिटरचं टर्बो इंजिन होतं. त्याचे चार सिलिंडर आडवे, दोन-दोन समोरासमोर. कंपनीच्या कागदावर ताकद ३०० हॉर्सपॉवर. या गाडीला लॅपटॉप जोडून इंजिनच्या कॉम्प्युटरमधले, म्हणजे ईसीयूमधले, काही आकडे बदलले की एकही नट न फिरवता ती वीस-तीस हॉर्सपॉवर जास्त देऊ लागते. एक्झॉस्टचा पाइप बदलला तर आणखी थोडी मिळते.

ही ताकद आधी कुठे होती? आणि ती गाडीत आहे हे जपानी इंजिनिअरांना ठाऊक होतं, तर त्यांनी ती ग्राहकाला का दिली नाही?

कारण त्यांना सगळ्या ग्राहकांसाठी मिळून एकच मॅप, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांचा एकच संच, लिहायचा होता. तोच मॅप ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात चालला पाहिजे आणि डेन्व्हरसारख्या १६०० मीटर उंचीवरच्या शहरातही. एखाद्याने चुकून हलकं पेट्रोल भरलं, ऑइल बदलायला उशीर केला, चढावर रेस दाबून धरली, तरी वॉरंटी संपेपर्यंत इंजिन टिकलं पाहिजे. शिवाय धुराचे नियम आहेतच. म्हणून इंजिन बिघडण्याची जी हद्द आहे, तिच्यापासून कंपनी बरंच अंतर राखून थांबते. ट्यूनर हे राखलेलं अंतर खर्च करतो. ट्यूनिंगमध्ये फुकट काही मिळत नाही. कोणतं अंतर बिनधास्त खर्चावं आणि कोणत्याला हात लावू नये, हे ओळखणं हेच या कामातलं खरं कसब. ते समजायला इंजिनच्या आत काय चालतं ते क्रमाने पाहायला हवं.

सुरुवात हवेपासून. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. ते जाळायला लागणारी हवा सिलिंडरमध्ये कोंबणं अवघड. एसटीआयचं इंजिन २४५७ सीसीचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटात ३००० वेळा. हिशेब करा : सेकंदाला सुमारे १२३ लिटर. साध्या वातावरणाच्या दाबाला या हवेचं वजन भरतं जेमतेम १५० ग्रॅम. टर्बोने दाब दुप्पट केला की, गरम होण्यातली घट धरूनही, तोच आकडा पाव किलोच्या आसपास जातो. दर सेकंदाला पाव किलो हवा. एसटीआयची सगळी मर्दुमकी या एका आकड्यात आहे.

टर्बोची रचना तशी सरळ. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एका चक्राच्या पात्यांवर आदळतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबतं. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. या गाडीत आयएचआय कंपनीचा व्हीएफ३९ टर्बो येतो आणि तो हवेवर वातावरणाच्या वर साधारण आणखी एक वातावरण दाब चढवतो. ट्यूनिंगवाल्यांच्या भाषेत साडेचौदा पीएसआय बूस्ट.

पण टर्बोला आवर घालावा लागतो. जास्त हवा म्हणजे जास्त जळणं, जास्त जळका वायू, आणखी वेगाने फिरणारं चक्र, आणखी हवा. हे असंच चालू राहिलं तर काही क्षणांत इंजिन फुटेल. म्हणून टर्बाइनच्या बाजूला एक झडप असते, वेस्टगेट. ती उघडली की काही वायू चक्राला वळसा घालून परस्पर एक्झॉस्टमध्ये जातो. झडप उघडतो स्प्रिंगचा एक ॲक्च्युएटर. टर्बोने तयार केलेला दाबच बारीक नळीतून त्याच्यापर्यंत पोचतो आणि त्याला ढकलतो. मधे एक छोटा सोलेनॉइड बसवलेला असतो. ईसीयू त्याच्यातून नळीतली थोडी हवा सोडून देतो, त्यामुळे ॲक्च्युएटरला खऱ्यापेक्षा कमी दाब जाणवतो, झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. सोलेनॉइड किती टक्के वेळ उघडा ठेवायचा याचा तक्ता ईसीयूत असतो. बूस्ट वाढवणं म्हणजे बहुतेक वेळा या तक्त्यातले आकडे वाढवणं.

मग वाढवत का जाऊ नये? उष्णतेमुळे. हवा दाबली की तापते. २५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली तर आदर्श कॉम्प्रेसरमधूनही ती ९० अंशांवर बाहेर येईल. खऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ११८ अंशांवर. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे दाब वाढूनही वजन त्या प्रमाणात वाढत नाही. त्यासाठी इंटरकूलर. ११८ अंशांची हवा त्याने ४५ अंशांपर्यंत खाली आणली तर त्याच दाबाला जवळजवळ २३ टक्के जास्त हवा आत जाते. एसटीआयचा इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि बॉनेटवरच्या त्या प्रसिद्ध तोंडातून त्याला वारा मिळतो. गाडी पळत असेल तेव्हा ठीक. सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभी राहिली की खालच्या इंजिनची धग त्याच्यात मुरते आणि पुढचा पहिला जोर गरम हवेवर काढावा लागतो.

छोटा टर्बो वरच्या आरपीएमला त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त ढकलला की तो दाबापेक्षा उष्णताच जास्त बनवतो. बूस्टच्या काट्यावर आकडा वाढलेला दिसतो, ताकद मात्र जागच्या जागी, आणि इंजिन धोक्याच्या जवळ. म्हणून जाणते ट्यूनर व्हीएफ३९ला मधल्या आरपीएमला जोर देतात आणि रेडलाइनकडे जाताना बूस्ट उतरवत नेतात.

आता पेट्रोल. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. सावकाश चालवताना ईसीयू हेच प्रमाण धरतो. पूर्ण बूस्टवर मात्र मुद्दाम पेट्रोल जास्त देतात, ११ भाग हवेला एक भाग पेट्रोल या आसपास. जादा पेट्रोल जळत नाही. त्याची वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते आणि पिस्टन थंड राहतो. पाव किलो हवेला ११च्या प्रमाणाने सेकंदाला साधारण २३ ग्रॅम पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटाला सुमारे ४६५ सीसी. मूळ इंजेक्टर ५५० सीसीच्या आसपासचे. म्हणजे कंपनीच्या मॅपवरच ते ८५ टक्के वेळ उघडे असतात. हवा दहा टक्क्यांनी वाढवली की ते ९० टक्क्यांच्या पुढे जातात आणि तिथून पुढे ईसीयूने मागितलेलं पेट्रोल पोचेलच याची खात्री नाही. बूस्ट वाढवण्याआधी हे साधं गणित मांडलं तर पुढचा मोठा खर्च टळतो.

हवा किती आली हे ईसीयूला कसं कळतं? एअर फिल्टरच्या मागे एक मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्यातली तार सेन्सरचं स्वतःचं सर्किट हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवतं. वाहती हवा तिला जितकी थंड करते, त्यावरून हवेचं वजन निघतं. हा हिशेब कंपनीच्या नळीच्या व्यासावर बसवलेला आहे. कुणी दिखाऊ, मोठ्या व्यासाचा इनटेक बसवला की हवा तारेवरून सावकाश जाते, सेन्सर कमी हवा सांगतो, ईसीयू कमी पेट्रोल देतो आणि पूर्ण बूस्टवर इंजिन सुकं पडतं. मॅप न बदलता बसवलेल्या इनटेकने इंजिनं गेली ती अशी. आवाजासाठी बसवलेला, हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह याच्या उलट करतो. मोजून झालेली हवा तो बाहेर फेकतो आणि प्रत्येक गिअर बदलताना मिश्रण क्षणभर ओलं होतं. मला तो आवाज कधीच त्या किमतीचा वाटला नाही.

आता खरा गाभा : टायमिंग आणि नॉक.

ठिणगी पडली की मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपासून भिंतीकडे सरकत जाते. तिला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकतात. सिलिंडरमधला सर्वांत जास्त दाब पिस्टन माथ्यावरून १५ अंशांच्या आसपास खाली आल्यावर यावा, तेव्हा क्रँकला सर्वांत जास्त ढकल मिळते. ठिणगी किती अंश आधी टाकायची याचा तक्ता ईसीयूत असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला दर फेरीला किती ग्रॅम हवा येते तो आकडा. वर काढलेल्या पाव किलोचे ६००० आरपीएमला होतात फेरीमागे अडीच ग्रॅम. म्हणजे तक्त्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यातले खण. ६००० आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचे २८ दशलक्षांश. ट्यूनर या खणांमध्ये अर्ध्या-अर्ध्या अंशाने खेळत असतो.

टायमिंग पुढे नेलं की ताकद वाढते, पण सिलिंडरमधला दाब आणि उष्णताही वाढते. ज्योत सरकत असताना पलीकडच्या कडेला न जळलेलं मिश्रण उरलेलं असतं. पुढून येणारी ज्योत त्याला दाबत जाते, तापवत जाते. ते सहन होण्यापलीकडे गेलं की ज्योत पोचायच्या आधीच सगळं एकदम भडकतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. हेच नॉक. जुने मेकॅनिक ज्याला इंजिन ठोकतंय म्हणतात ते. या इंजिनचा सिलिंडर ९९.५ मिलिमीटर रुंद आहे. स्ट्रोक फक्त ७९. रुंद सिलिंडर म्हणजे ज्योतीला लांबचा पल्ला आणि कडेच्या मिश्रणाला तापायला जास्त वेळ. नॉकच्या दृष्टीने ही रचना सोयीची नाही. पिस्टनही घडीव नाहीत, ओतीव आहेत. नॉकचा मार बसतो वरच्या दोन रिंगांच्या मधल्या अॅल्युमिनियमच्या पातळ कड्यावर. कडं तडकलं की कॉम्प्रेशन जातं, धूर येतो, इंजिन खोलावं लागतं. ईजे२५७चा, म्हणजे या इंजिनचा, हा आजार सुबारूवाल्यांना चांगलाच ठाऊक आहे आणि त्यातही चौथा सिलिंडर जास्त बदनाम.

नॉक हा टर्बोचा जुना वैरी. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बोची गाडी विकायला काढली, तेव्हा तिच्यात नॉक आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय होती. टाकी रिकामी झाली की गाडी बूस्ट कमी करून घेई. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडी मंदावली म्हणून तक्रार करत. पुढे अनेकांनी टर्बो काढूनच टाकला.

आज नॉक आवरण्याचं काम सेन्सरच्या मदतीने होतं. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर कंपनं ऐकतो. एवढ्या रुंद सिलिंडरमध्ये नॉकचा सूर साडेपाच हजार हर्ट्झच्या आसपास येतो. सुबारूचा ईसीयू त्यावर तीन पातळ्यांवर वागतो. तो लगेच टायमिंग मागे घेतो. पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी ऐकू आलं तर त्या आरपीएम आणि लोडपुरती, म्हणजे फेरीमागच्या हवेपुरती, दुरुस्ती लक्षात ठेवतो. आणि तेवढ्याने भागलं नाही तर एक सार्वत्रिक गुणक खाली आणतो. तो १ असतो तेव्हा ट्यूनरने मागितलेला टायमिंगचा ॲडव्हान्स पूर्ण मिळतो. तो घसरला की ईसीयूचा पेट्रोलवरचा किंवा मॅपवरचा विश्वास उडाला असं समजावं.

एक लॉग जवळून पाहू. ट्यूनर चौथ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमपासून ६८०० पर्यंत एकदाच पूर्ण रेस देतो आणि ईसीयूचे आकडे लॅपटॉपवर उतरवून घेतो. समजा ३६०० आरपीएमला बूस्ट साडेसतरा पीएसआयला पोचला, मिश्रण ११.१, नॉकची दुरुस्ती शून्य. ४२०० आरपीएमला दुरुस्तीच्या रकान्यात उणे १.४ दिसलं, ४५००ला उणे २.८, मग पुन्हा हळूहळू शून्य. नवशिका इथे म्हणेल, तीनच अंश, चालतंय. जाणता ट्यूनर इंजिन थंड होऊ देतो आणि तीच रेस पुन्हा देतो. तोच आकडा त्याच जागी आला तर तो खरा नॉक. तेव्हा त्या खणांतून दीड-दोन अंश काढायचे किंवा तिथला बूस्ट अर्धा-एक पीएसआय उतरवायचा, आणि पुन्हा पाहायचं. खड्ड्यात गाडी आपटल्यावर किंवा गिअर बदलताना एखादाच उणे आकडा दिसला तर तो बहुधा नुसता खडखडाट असतो. काही ट्यूनर सेन्सरवरच विसंबत नाहीत. ब्लॉकला तांब्याची चपटी केलेली नळी बोल्टने आवळतात, तिला जोडलेली रबरी नळी खिडकीतून आत घेतात आणि हेडफोनमधून स्वतः ऐकतात. नॉकचा कोरडा, तुटक आवाज एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. ही माणसं मला सर्वांत भरवशाची वाटतात.

ट्यूनर बोलतात ती ‘स्टेज’ची भाषा आता लवकर उलगडेल. स्टेज वन म्हणजे फक्त मॅप. मूळ भागांना हात नाही. स्टेज टू म्हणजे टर्बोच्या लगेच मागचा डाउनपाइप मोकळा करणं. मागचा अडथळा कमी झाला की टर्बो लवकर जागा होतो, पण सोलेनॉइडच्या जुन्या आकड्यांवर बूस्ट मर्यादेबाहेर उसळतो. म्हणून डाउनपाइप बसवून जुन्याच मॅपवर गाडी पळवणं हा शुद्ध अविचार. डाउनपाइप मोकळा करताना रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं अमेरिकेत बेकायदा आहे, हेही इथेच लक्षात ठेवायचं. त्यापुढे मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, घडीव पिस्टन. तिथे खर्चाला तळ नाही. या गाडीचे आकडे बदलायला कॉबचा ॲक्सेसपोर्ट नावाचा हातात मावणारा डबा मिळतो आणि रॉमरेडरसारखं खुलं सॉफ्टवेअरही. साधनं सोपी झाली, म्हणून काम सोपं झालेलं नाही.

डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशीनच्या, कागदाबद्दल थोडं. चाकांवर मोजलेली ताकद इंजिनच्या ताकदीपेक्षा कमीच येते आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे डायनो एकाच गाडीला वेगळे आकडे देतात. त्याच मशीनवर, त्याच दिवशी काढलेला आधीचा आणि नंतरचा आलेख एवढीच तुलना कामाची. शेंड्याचा एक आकडा पाहू नका. ३००० ते ५५००मधला टॉर्क पाहा. रस्त्यावर गाडी तिथेच चालते.

हे सगळं आपल्याकडे लागू होतं का? होतं. मुंबई-पुण्यात टीएसआय पोलो आणि ऑक्टाव्हिया आरएस रिमॅप केलेल्या दिसतात. तत्त्व तेच आहे. फक्त पेट्रोलच्या आकड्यात मोठा सापळा आहे. अमेरिकेत पंपावर लिहिलेला ९१ हा दोन चाचण्यांच्या सरासरीचा आकडा आहे. आपल्याकडचा आकडा रिसर्च ऑक्टेनचा. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपल्या मोजमापात ९५-९६. त्यामुळे तिकडच्या ९१साठी लिहिलेला मॅप इकडच्या ९१वर चालवणं म्हणजे इंजिनला चार-पाच आकडे हलकं पेट्रोल पाजणं. सगळ्यात महाग पडणारी चूक ती हीच. प्रीमियम ९५ किंवा इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल कायम मिळणार असेल तरच त्यासाठी मॅप लिहावा.

इथेनॉलचंही असंच. त्याचं ऑक्टेन जास्त, वाफ होताना ते सिलिंडर जास्त थंड करतं, म्हणून अमेरिकेतले ट्यूनर ८५ टक्के इथेनॉलच्या ई८५वर फिदा असतात. पण त्याला हवेचं प्रमाण १४.७ नव्हे, ९.८च्या आसपास लागतं. वरच्याच गणितात प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला ६५० सीसी द्यावे लागतील, म्हणजे मूळ इंजेक्टर पुरतच नाहीत. आपल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोललाही हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जुना मॅप त्यावर पुन्हा तपासूनच वापरावा.

कायद्याचं भान हवंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो. आणि वाढवलेली ताकद दाबून पाहायची जागा ट्रॅक आहे, एक्स्प्रेसवे नव्हे.

तरीही कुणाला करायचंच असेल, तर माझं सांगणं एवढं. मॅपआधी चारही सिलिंडरांची कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी करून घ्या. प्लग, ऑइल, बूस्टच्या नळ्या, पेट्रोलचा पंप नीट असल्याची खात्री करा. आजारी इंजिनावर मॅप चढवून ते बरं होत नाही. शेवटच्या पाच-दहा हॉर्सपॉवरचा हट्ट धरू नका. इंजिन जातं ते बहुधा त्यांच्यापायी. आणि काम झाल्यावर ट्यूनरकडे डायनोच्या कागदाबरोबर लॉगही मागा : बूस्ट, मिश्रण, टायमिंग, नॉकची दुरुस्ती, सगळे रकाने. जो ट्यूनर लॉग दाखवायला का-कू करतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.